अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या प्रतिनिधी सभागृहात नव्याने आलेल्या सदस्यास

२०२५ मध्ये ६७ विरुद्ध ६७ अशा बरोबरीत अडकलेल्या आपल्या सभागृहात कोणतेही विधेयक मंजूर होण्यास ६८ मते लागतात. म्हणून आठवड्याचे पहिले दोन दिवस भाषणाच्या तयारीत न घालवता, समितीचे अध्यक्षपद वाटून घेतलेल्या दोन्ही पक्षांच्या सहअध्यक्षांना भेटण्यात घालवा. पलीकडच्या बाकावरील एक तरी मत हाती नसेल, तर विधेयक मांडण्याची घाई करू नये.

आदिवासी राष्ट्रांच्या भेटीसाठी मात्र निवांत दिवस राखून ठेवा. राज्यात अशी अकरा राष्ट्रे आहेत, सात अनिशिनाबे आणि चार डकोटा, आणि ती आपल्या मतदारसंघातील एखादा समाजगट नसून स्वतःचे शासन चालवणारी सार्वभौम राष्ट्रे आहेत. (भारतातील ‘अनुसूचित जमाती’ची कल्पना मनात धरून गेलात, तर पहिल्याच बैठकीत चुकाल.) मिल लॅक्स सरोवरातील मासेमारीविषयी बोलण्यापूर्वी अनिशिनाबे व अमेरिकी सरकार यांच्यातील १८३७ चा करार वाचा, कारण त्यातील शिकार व मासेमारीचे हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी कायम ठेवले आहेत. राज्याच्या खात्यांवर या राष्ट्रांशी दरवर्षी सल्लामसलत करण्याचे बंधन २०२१ च्या कायद्याने घातले आहे. तथापि मसुदा छापून झाल्यावर पाठवलेले पत्र म्हणजे सल्लामसलत, असे आपण तरी मानू नये. मसुदा कच्चा असतानाच त्या राष्ट्राच्या अध्यक्षांकडे स्वतः जा आणि आधी ऐकून घ्या.