स्पितीला जाताना आधी किन्नौर, मग कुंझुम

प्रश्न : आम्ही सांगलीचे. भावाची छोटी हॅचबॅक चंदीगडला आहे. सप्टेंबरच्या उत्तरार्धात ती घेऊन हिमाचलमधल्या स्पितीला जायचं मनात आहे. हाताशी नऊ दिवस. सोबत अडुसष्ट वर्षांचे वडील असतील, त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. मनालीहून स्पितीतलं मुख्य गाव काझा एका दिवसात गाठता येतं म्हणतात. तसंच जावं का?

उत्तर : नका जाऊ. किलोमीटर कमी आहेत, पण वडिलांसाठी तो रस्ता उलटा पडतो. मनाली साधारण दोन हजार मीटरवर, काझा ३,६५० मीटरच्या आसपास. मध्ये साडेचार हजारांवरचा कुंझुम घाट. एवढी उंची एका दिवसात गाठली की डोकं ठणकतं, जेवण जात नाही, रात्री झोप लागत नाही. धडधाकट तरुणांचेही असे हाल होतात.

तुम्ही शिमल्याकडून चढा. पहिला मुक्काम नारकंडा, दुसरा किन्नौरमधलं कल्पा. कल्प्याला एक दिवस नुसतं बसा. समोर किन्नर कैलास आहे, सफरचंदाच्या बागा आहेत, वडिलांना आवडेल. तिथून पुढे खाबला स्पिती नदी सतलजला मिळते आणि हिरवळ एकदम संपते. मग वळणं घेत रस्ता नाकोकडे चढतो. बरेच जण नाकोला मुक्काम करतात. तुम्ही तिथे चहा घ्या, तळं पाहा आणि ताबोला जाऊन झोपा. ताबो नाकोपेक्षा तीन-चारशे मीटर खाली आहे. झोपायची जागा खाली असली की शरीराला बरं पडतं.

ताबोचा मठ ९९६ सालचा. बाहेरून मातीच्या बुटक्या भिंती, एवढंच दिसतं. आत जाल तेव्हा दाराशी थोडं थांबा, डोळे अंधाराला सरावू द्या. मग भिंतींतून पुढे आलेल्या मातीच्या मूर्ती एकेक करून दिसू लागतात, मागची चित्रं दिसतात. फोटोला मनाई आहे, आणि मला ती फार योग्य वाटते. सोबत बॅटरी ठेवा. इथे घाई केलीत तर मला खरंच वाईट वाटेल.

काझा तिथून पन्नासेक किलोमीटर. दोन रात्री राहा. ‘की’ नावाचा मठ पाहा. हिक्कीमचं पोस्ट ऑफिस ४,४०० मीटरवर आहे, तिथे वडिलांना बरं वाटत असेल तरच न्या. काझ्यात सरकारी रुग्णालय आहे आणि पेट्रोल पंपही. टाकी तिथे गच्च भरा, कारण पुढे मनालीच्या बाजूला उतरेपर्यंत पंप नाही.

कुंझुमवरून उतरायचं की नाही, हे मात्र सांगलीत बसून ठरवू नका. घाटाच्या अलीकडच्या लोसर गावाच्या पलीकडे बाताल ते ग्रामफू हा पट्टा दगडगोट्यांचा, वाटेत नाले रस्त्यावरून वाहतात. रात्री वर बर्फ गोठतं म्हणून सकाळी पाणी कमी असतं, उन्हं चढली की वाढतं. काझ्याच्या बाजारात मनालीहून आलेल्या टॅक्सीवाल्यांना विचारा : “नाल्यांना पाणी किती? छोटी गाडी निघेल का?” ते खरं सांगतात. हो म्हणाले तर पहाटे निघा. मान हलवली, तर आल्या वाटेनेच परत फिरा. यासाठीच नऊपैकी एक दिवस कोरा ठेवायला सांगते आहे. दरड कोसळून रस्ता अडला तरी तोच कामी येतो.

गाडीची स्टेपनी आणि जॅक चंदीगडलाच तपासून घ्या. रोख पैसे जवळ ठेवा, वाटेत फोनला रेंज नसते हे घरी सांगून निघा. उंचीवर घ्यायची गोळी मित्राच्या सांगण्यावरून वडिलांना देऊ नका. रक्तदाबाच्या औषधांची चिठ्ठी घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा. आणि वर गेल्यावर त्यांना धाप लागली, चालताना तोल जाऊ लागला, बोलणं असंबद्ध वाटलं, तर सकाळची वाट न पाहता त्यांना खाली उतरवा.