प्रश्न तुमचे, उत्तर आमचे : सर्व्हर एक, नेटवर्कं तीन

प्रश्न : सांवेर रोडवर आमचं छोटं युनिट आहे. एक सर्व्हर आहे : उबुंटू 24.04, 64 जीबी रॅम, दोन लॅन कार्डं. त्यावर ओपनस्टॅक (एका सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रं आणि नेटवर्कं चालवणारी प्रणाली) बसवून हिशेब, डिझाइन आणि चाचणी या तीन विभागांची नेटवर्कं वेगळी करायची आहेत. न्यूट्रॉनपर्यंत (ओपनस्टॅकचा नेटवर्क सांभाळणारा भाग) सगळं नीट झालं, पण लॅन कार्ड ब्रिजला (सॉफ्टवेअरमधल्या स्विचला) जोडलं आणि त्याच क्षणी एसएसएच (दुरून सर्व्हर चालवायची जोडणी) तुटलं. चुकलं कुठे? पुढची मांडणी कशी करावी?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ज्या कार्डावर सर्व्हरचा आयपी होता, तेच कार्ड तुम्ही ब्रिजला दिलंत. कार्ड ओपन व्हीस्विच या सॉफ्टवेअरच्या ब्रिजचं पोर्ट झालं की आलेलं पॅकेट आधी ब्रिजच्या हाती पडतं आणि कार्डावरचा आयपी निकामी होतो. तो आयपी ब्रिजवर हलवूनही काम भागतं, पण दोन कार्डं असताना त्या फंदात पडू नका. पहिलं कार्ड सर्व्हरच्या स्वतःच्या आयपीसाठी ठेवा, समजा 192.168.1.10. दुसरं कार्ड कोरं ठेवा : नेटप्लॅनमध्ये (उबुंटूची नेटवर्क मांडणी) डीएचसीपी (आपोआप पत्ता मिळणं) बंद, पत्ता नाही, कार्ड फक्त चालू. दोन्ही केबल एकाच स्विचमध्ये गेल्या तरी चालतं. बदल करताना ‘नेटप्लॅन अप्लाय’ऐवजी ‘नेटप्लॅन ट्राय’ वापरा. 120 सेकंदांत एंटर दाबलं नाही तर जुनी मांडणी आपोआप परत येते, मॉनिटर शोधत बसावं लागत नाही.

आता न्यूट्रॉन. जुन्या माहितीत लिनक्स ब्रिजचा ड्रायव्हर सापडेल. त्याच्या नादी न लागता ओव्हीएन (ओपन व्हीस्विचवर आभासी नेटवर्कं उभारणारं सॉफ्टवेअर) घ्या. एमएल2च्या (न्यूट्रॉनचं प्लगइन) फाइलमध्ये मेकॅनिझम ड्रायव्हर ओव्हीएन, विभागांच्या नेटवर्कचा प्रकार जेनीव्ह (पॅकेट दुसऱ्या पॅकेटात गुंडाळून नेणारा टनेल) आणि जेनीव्हचा कमाल हेडर 38 लिहा. हा आकडा मुळात 30 असतो आणि ओव्हीएनला तो पुरत नाही. मग ‘बीआर-ईएक्स’ नावाचा ब्रिज करून त्यात दुसरं कार्ड घाला. टनेलचा पत्ता म्हणून 192.168.1.10 द्या, आणि हा सर्व्हर गेटवेचं काम करील अशी ओव्हीएनला नोंद द्या. ही नोंद राहिली तर राउटर यादीत दिसतो, पण बाहेर काहीच जात नाही.

सर्वांत जास्त वेळ खाते ती एका शब्दाची चूक. बाहेरच्या नेटवर्कचं नाव तीन ठिकाणी येतं : एमएल2च्या फ्लॅट नेटवर्कच्या ओळीत, ओव्हीएनच्या ब्रिज मॅपिंगमध्ये (कोणतं नेटवर्क कोणत्या ब्रिजवर) आणि नेटवर्क तयार करण्याच्या आज्ञेत. तिन्हीकडे ते अक्षरशः एकच हवं. एकीकडे ‘प्रोव्हायडर’ आणि दुसरीकडे ‘प्रोव्हायडर1’ झालं की कधी नेटवर्क तयारच होत नाही, कधी तयार होतं पण पोर्ट ‘बाइंडिंग फेल्ड’ दाखवतं.

बाहेरच्या नेटवर्कला 192.168.1.0/24 सबनेट द्या, गेटवे 192.168.1.1, डीएचसीपी बंद, पत्त्यांचा साठा 200 ते 230. त्याआधी ऑफिसच्या राउटरमध्ये जाऊन त्याची डीएचसीपी मर्यादा 199ला थांबवा. नाहीतर एखाद्या दिवशी कुणाच्या मोबाइलला 205 मिळेल आणि हिशेबाचा सर्व्हर मधूनच गायब होईल.

विभागांसाठी 10.10.1.0/24, 10.10.2.0/24 आणि 10.10.3.0/24 घ्या. इथे नीट लक्ष द्या. तिन्ही नेटवर्कं एकाच राउटरला जोडली तर तो राउटर त्यांच्यात वाट काढून देतो, ते त्याचं कामच आहे. त्यात सगळी व्हीएम (आभासी यंत्रं) एकाच प्रोजेक्टच्या डीफॉल्ट सिक्युरिटी ग्रुपमध्ये (कोणाला येऊ द्यायचं याचे नियम) असतील, तर त्या ग्रुपमधल्यांना एकमेकांकडे यायची परवानगी आधीपासूनच असते. म्हणजे नेटवर्कं कागदावर तीन, प्रत्यक्षात एक. तुमचा हेतू खरोखर वेगळेपणाचा आहे, तेव्हा तीन प्रोजेक्ट करा आणि प्रत्येकाला स्वतःचा राउटर द्या. साठ्यातले तीन पत्ते राउटरांना जातील, तेवढी किंमत सोसा.

प्रश्न : व्हीएममधून पिंग जातं, पॅकेजही उतरतात. पण त्याच व्हीएममधल्या डॉकर कंटेनरमधून (प्रोग्रॅम वेगळा ठेवून चालवणारा डबा) मोठी फाइल उतरवायला घेतली की गाडी मध्येच अडकते. एररही येत नाही.
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : लक्षण एमटीयूचं (एका पॅकेटचं कमाल माप) आहे. ऑफिसच्या लॅनवर 1500 बाइटचं पॅकेट चालतं, पण जेनीव्ह 58 बाइट स्वतःसाठी घेतो. व्हीएमला उरतात 1442, आणि हा आकडा न्यूट्रॉन तिला डीएचसीपीने कळवतो. डॉकरला मात्र ते कोणी सांगत नाही. त्याचा ब्रिज 1500 धरून बसतो आणि कंटेनर समोरच्या सर्व्हरकडून त्याच मापाची पॅकेट मागवतो. छोटी पॅकेट पार होतात, भरलेली वाटेतच गळतात, म्हणून पिंग छान आणि डाउनलोड ठप्प.

खात्रीसाठी व्हीएममधून ‘तुकडे करू नको’ हा पर्याय देऊन गेटवेला 1414 बाइटचा पिंग पाठवा. आयपी आणि आयसीएमपी (पिंगचा प्रोटोकॉल) यांच्या हेडरांचे मिळून 28 धरले की 1442 भरतात. तो गेला आणि 1415 अडला, तर माप बरोबर आहे. मग डॉकरच्या डीमन फाइलमध्ये एमटीयू 1442 लिहून डॉकर पुन्हा सुरू करा. डॉकर कंपोझने (एका फाइलवरून अनेक कंटेनर उभे करणारं साधन) केलेल्या नेटवर्कांना ही सेटिंग लागू होत नाही. त्यांच्या फाइलमध्ये नेटवर्कखाली एमटीयू वेगळा लिहावा लागतो आणि नेटवर्क पाडून पुन्हा उभं करावं लागतं. बहुतेक जण नेमके इथेच अडकतात.

प्रश्न : फ्लोटिंग आयपी (व्हीएमला बाहेरून गाठायचा पत्ता) जोडला, डॅशबोर्डवर दिसतोय, पण ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून पिंग नाही आणि एसएसएचही नाही.
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : आधी सिक्युरिटी ग्रुप बघा. डीफॉल्ट ग्रुप बाहेरून येणारं सगळं अडवतो. आयसीएमपी आणि टीसीपी 22 (एसएसएचचं पोर्ट) उघडा, तेही फक्त 192.168.1.0/24 साठी. मग राउटरला बाहेरचा गेटवे लावला आहे का, ते पाहा. एवढं ठीक असूनही पिंग नसेल आणि तुमचा ओपनस्टॅक व्हीएमवेअरच्या आत चाचणीपुरता बसवलेला असेल, तर वरच्या स्विचवर प्रॉमिस्क्युअस मोड आणि फोर्ज्ड ट्रान्समिट्स दोन्ही चालू करावे लागतात. फ्लोटिंग आयपीचा मॅक पत्ता त्या स्विचच्या ओळखीचा नसतो. पिंग आहे पण एसएसएच की नाकारली जाते, असं झालं तर दोष नेटवर्कच्या वाटेत नाही. व्हीएमला सुरू होताना 169.254.169.254 या मेटाडेटाच्या (व्हीएमची की वगैरे माहिती) ठरलेल्या पत्त्यावरून की मिळाली नाही. ओव्हीएनचा मेटाडेटा एजंट चालू आहे का ते तपासा आणि व्हीएम रीबूट करून तिचा कन्सोल लॉग वाचा.