तारखेला येशील ना?

प्रिय पोरी,

काल तू म्हणालीस मावशी मी सपोर्ट पर्सन म्हणून बालकल्याण समितीकडे नाव दिलंय, आणि तेवढ्यात रेंज गेली, म्हणून लिहितेय. फार बरं वाटलं गं. अमेरिकेत १९७७ मध्ये सिएटलच्या डेव्हिड सूकप या जजनी साध्या नागरिकांना हाताशी धरून मुलांची बाजू कोर्टात मांडायला लावली. आपलं काम थोडं वेगळं आहे, आपण पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये तपासापासून निकालापर्यंत मुलासोबत राहायचं आणि दर महिन्याला समितीला रिपोर्ट द्यायचा.

एक गोष्ट आत्ताच मनात पक्की धर. मुलाला 'काय झालं होतं' हे तू कधीच विचारायचं नाही. पोलीस, डॉक्टर, मॅजिस्ट्रेट, सगळ्यांना सांगून ते पोर आधीच दमलेलं असतं. आणि उलटतपासणीत आरोपीचा वकील जजमार्फत हमखास विचारणार, तुला हे कोणी शिकवलं? तू चार वेळा विचारलं असशील तर ते खरंच सांगेल की ही ताई विचारत होती, आणि मग त्याच्या खऱ्या बोलण्यावरही संशय. त्यापेक्षा शाळा, मांजर, आज काय खाल्लंस एवढंच बोल. ते आपणहून काही बोललं तर नुसतं ऐक, त्याच्या तोंडात शब्द घालू नको.

दुसरं म्हणजे शब्द देताना सांभाळ. माझ्या पहिल्या केसमध्ये मी एका मुलीला म्हटलं होतं, आता परत इथे यायला लागणार नाही हं. त्यानंतर तीनदा यावं लागलं, तिसऱ्या वेळी तिने माझ्याकडे बघितलंही नाही, बाकड्यावर बसून फ्रॉकच्या काठाची शिवण उसवत राहिली. चूक माझी होती. तेव्हापासून मी एवढंच सांगते की मी येईन, आणि जाते. पावसात फेरीबोट बंद असेल तर आदल्या दिवशीच निघते.

साक्षीच्या आधी सरकारी वकिलांना भेटून मुलाला रिकामं कोर्ट दाखवून आण. आठ वर्षांच्या एकीला नेलं तर तिची हनुवटी पिंजऱ्याच्या कठड्यालाही पोचत नव्हती, शिपायाने स्टूल आणून ठेवलं, मग तिने विचारलं जजबाईंच्या काळ्या डगल्याला खिसा असतो का. दुसऱ्या दिवशी ती बोलली. साक्ष देताना आरोपी मुलाच्या नजरेला पडू नये, मध्ये ब्रेक मिळावेत, दरडावून प्रश्न विचारू नयेत, हे सगळं कायद्यातच आहे, पण मागितल्याशिवाय पडदासुद्धा लागत नाही, तेव्हा वकिलांना आधीच आठवण कर.

आणि आपल्याकडची एक अडचण कुठल्याच ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत. आंब्याच्या बागेत राखणीला असलेली नेपाळी कुटुंबं सीझन संपला की जातात, समन्सवर पत्ता मात्र बागेचा. कायदा म्हणतो कोर्टाने केसची दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष व्हावी, पण तारीख पुढे गेली की बाग रिकामी. म्हणून पहिल्याच भेटीत गावाकडचा एक नंबर घे आणि तो तपास अधिकाऱ्यांना लेखी दे. खलाशांच्या घरीही हेच, बोटी जून-जुलैत बंद, तेवढे दोन महिने बाप हमखास घरी सापडतो.

मुलाचं नाव कुणाला सांगू नको, घरी तुझ्या आईलासुद्धा नाही. वाडीत जीप घेऊन जाऊ नको, चालत जा.

सोमवारी माझ्या एका केसची तारीख आहे. समितीला विचारून तुला सोबत नेईन, तू बाहेरच बाकड्यावर बस आणि बघ. साडेसहाची एसटी आहे. डब्यात भाकऱ्या जास्त घे, पुकारा दुपारी तीनला झाला तरी आई-मुलगी सकाळपासून उपाशी असतात.

तुझी मावशी