एफडी मोडून तीन कॉम्प्युटर घ्यावेत का?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र तुळशीचं लग्न लागलं त्याच आठवड्यात आलं. तुमच्या धंद्याचा हंगाम नेमका तेव्हाच सुरू होतो, म्हणून उत्तर लांबवत नाही. इतर वाचकांसाठी आधी पत्राचा गोषवारा देतो.

ताईंचं नारायण पेठेत डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, कार्यअहवाल, वाढदिवसाचे फ्लेक्स अशी कामं असतात. दुकानात दोन आणि घरी एक असे तीन कॉम्प्युटर आहेत. तिन्ही २०१६ साली घेतलेले, सहाव्या पिढीचे आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ही मशीन विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत. दुकानदार म्हणतो, तिन्ही बदला, प्रत्येकी ५८,०००, एकूण १,७४,०००. भाचा म्हणतो, काही घेऊ नकोस मावशी, मी यांच्यावरच अकरा टाकून देतो. घरच्या मशीनवर त्याने तसं केलंयही आणि ते चालतंय. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी २ लाखांची एफडी आहे, जून २०२६ ला पिकणारी. बचत खात्यात ९०,००० आहेत. एफडी मोडू, ईएमआय घेऊ, की भाच्याचं ऐकू, असा प्रश्न आहे.

एफडी मोडू नका. तिन्ही मशीन एकदम बदलण्याची गरज नाही. भाच्याचा उपाय मात्र दुकानात वापरू नका.

दुकानदाराने तीन मशीनचा एक प्रश्न केला, आणि भाच्यानेही तेच केलं. तुमच्याच पत्रात मात्र तिन्हींची कामं वेगवेगळी आहेत. खिडकीजवळच्या मशीनवर श्रीलिपी (मराठी टायपिंगसाठी) आणि कोरल ड्रॉ (डिझाइनसाठी), म्हणजे तुमची खरी कमाई. गल्ल्याजवळच्या मशीनवर बिलं, ईमेल, गिऱ्हाइकांचे व्हॉट्सअॅपवर आलेले फोटो आणि नेट बँकिंग. घरच्यावर मुलीचा अभ्यास आणि सासूबाईंची कीर्तनं. सपोर्ट संपल्याचा धोका या तिघांना सारखा नाही, मग खर्च तरी सारखा का करायचा?

सपोर्ट संपला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडत नाही. सिस्टीममध्ये नवीन भोक सापडलं तर ते बुजवणारा पॅच येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडर या अँटिव्हायरसला नव्या व्हायरसची ओळख विंडोज १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे, त्यामुळे ‘अँटिव्हायरस तर अपडेट होतोय’ असं वाटत राहील. पण राखणदार जागा असला तरी मोडलेली कडी मोडलेलीच राहते. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला, तेव्हा ते भोक बुजवणारा पॅच येऊन दोन महिने झाले होते. ज्यांनी तो घेतला नव्हता, तेच मुख्यतः सापडले.

यात माझी स्वतःची एक चूक सांगतो. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, तरी मी एक जुना लॅपटॉप बँकेच्या कामासाठी तसाच ठेवला होता. साडेतीन वर्षं काही झालं नाही. २०२३ च्या सुरुवातीला क्रोमनेही विंडोज ७ सोडलं, तिकडे मी लक्षच दिलं नाही. त्या वर्षी ३१ जुलैला, रिटर्नच्या शेवटच्या दिवशी, माझाच राहिलेला कर भरायला बसलो तर बँकेचं पान उघडेना. ब्राउझर जुना आहे, एवढीच ओळ समोर. रात्री साडेदहाला शेजारच्या सीएंचं ऑफिस उघडायला लावून तो कर भरला. जुनं मशीन अडतं ते असं, आधी न सांगता आणि नेमकं निकडीच्या दिवशी.

म्हणून पैसे घाला ते गल्ल्याजवळच्या मशीनवर. तिथे बँकेचा पासवर्ड टाइप होतो आणि तिथेच अनोळखी लोकांच्या फाइली उघडतात. बँक व्यवहारांतल्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये परिपत्रक काढलं होतं. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, आणि ग्राहकाने तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर बोजा येत नाही. चूक ग्राहकाच्या निष्काळजीपणाची असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. सपोर्ट संपलेल्या मशीनवर बँकिंग करणं निष्काळजीपणात मोडतं का, हा वाद बँकेच्या काउंटरवर घालायची वेळ तुमच्यावर येऊ नये, असं मला मनापासून वाटतं. तसं काही घडलंच, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच मिनिटाला फोन करा.

या मशीनसाठी ५८,००० लागत नाहीत. कोटेशन नीट वाचा, त्यात २४ इंची मॉनिटर, कीबोर्ड आणि यूपीएस धरलेला आहे. तुमचे हे तिन्ही चालू आहेत. फक्त सीपीयूचा डबा घ्या. बारीक मिनी पीसी किंवा साधा नवा आय-थ्री, बिलं आणि बँकेला पुरून उरतो. ३५,००० च्या वर जाऊ नका. वापरलेलं, दुरुस्त करून विकतात तसं मशीन स्वस्त पडेल, पण तिथे एक मेख आहे. विंडोज ११ च्या यादीत इंटेलची आठवी पिढी ही पहिली पायरी. या यादीतलं दुकानांत सर्वांत स्वस्त मिळतं तेही आठव्या पिढीचंच. उद्या मायक्रोसॉफ्टने पुढची रेघ ओढली, तर आधी तेच बाहेर पडेल आणि तुम्ही पुन्हा मला असंच पत्र लिहाल. वापरलेलं घ्यायचंच असेल तर दहाव्या पिढीच्या खाली घेऊ नका, आणि पैसे देण्याआधी मायक्रोसॉफ्टचा पीसी हेल्थ चेक (मशीन विंडोज ११ ला चालेल का ते सांगणारा प्रोग्राम) तुमच्यासमोर चालवून दाखवायला सांगा.

मशीन न बदलता विंडोज १० साठीच पैसे भरून पॅच घेता येतात, हेही तुम्ही ऐकलं असेल. घरगुती वापरासाठी ही सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे आणि मायक्रोसॉफ्ट खात्याशी सेटिंग जोडलं तर फुकटही मिळते. धंद्यासाठीचा दर निराळा आहे, पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. तीन वर्षांचे मिळून ४२७ डॉलर, म्हणजे नोव्हेंबर २०२५ च्या भावाने ३७–३८ हजार रुपये. तेवढ्यात नवा डबा येतो.

आता खिडकीजवळचं मशीन. त्याला इंटरनेटची गरजच काय? श्रीलिपीचं डोंगल (परवान्याची यूएसबी चावी) लागतं, कोरल लागतं, प्रिंटर लागतो. इंटरनेट यांपैकी कशालाच लागत नाही. मशीनच्या मागची निळी केबल काढा आणि खुंटीला अडकवून ठेवा. त्या क्षणी सपोर्ट संपल्याचा बहुतेक धोका संपला. गिऱ्हाइकाचा फोटो गल्ल्याच्या मशीनवर उतरवायचा, तिथे तपासायचा आणि एका ठरलेल्या पेनड्राइव्हने इकडे आणायचा. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह या मशीनला लावायचा नाही, मग तो कितीही ओळखीचा असो. एवढी शिस्त मदतनीस मुलीलाही घालून द्या.

या मशीनबद्दल मला खरी काळजी विंडोजची नाहीच, हार्ड डिस्कची आहे. तुम्ही लिहिलंय, ‘थोरल्याच्या लग्नाची पत्रिका तुमच्याकडेच केली होती, तीच काढा, नावं बदला,’ असं म्हणत लोक येतात. म्हणजे नऊ वर्षांचा मजकूर, बॉर्डर, गणपती, मंडळांचे लोगो हे तुमचं भांडवल आहे, आणि ते सगळं नऊ वर्षं फिरणाऱ्या एका तबकडीवर बसलंय. ती ऐन मार्गशीर्षात अडकली तर होणारं नुकसान कुठल्याही व्हायरसइतकंच मोठं. दोन-अडीच हजारांची एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, घ्या आणि जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल तिच्यावर करून घ्या. मशीन लगेच चपळ होईल. चार-पाच हजारांची बाहेरची डिस्क घ्या, दर शनिवारी फाइली तिच्यावर उतरवा आणि काढून घरी न्या. मशीनला लावून ठेवलेली प्रत खरी प्रत नव्हे. गल्ल्याजवळचं जुनं मशीन टाकून देऊ नका, दोन्ही एकाच मॉडेलची आहेत. त्याची ८ जीबी रॅम काढून इकडे घाला, १६ होईल. पॉवर सप्लाय उडाला तर त्याचा लावता येईल. एक्स्चेंजमध्ये त्याचे हजार-दीड हजार मिळतात, सुट्या भागांचं मोल तुम्हाला त्याहून जास्त आहे. शिवाय त्या डिस्कवर गिऱ्हाइकांच्या आधार कार्डाच्या प्रती असणार, ती कुणाच्या हाती जाऊ नये.

हे काम एखाद्या सोमवारी करून घ्या, आणि जुनी डिस्क निदान हंगामभर तशीच जपून ठेवा. या मशीनवर विंडोज ११ मात्र हंगामात कुणालाही टाकू देऊ नका, भाच्यालाही नाही. त्याच्या कामाबद्दल मला आदर आहे. तो सांगतो ते खरं आहे, यादीत नसलेल्या मशीनवर अकरा बसतं. अपग्रेड करताना सीपीयूची तपासणी टाळायची रजिस्ट्रीतली (विंडोजच्या आतल्या सेटिंगमधली) नोंद एकेकाळी खुद्द मायक्रोसॉफ्टने छापली होती. तुमचं सहाव्या पिढीचं मशीन तर त्यासाठी बरंच सशक्त आहे. २०२४ च्या आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये काही सूचना असाव्याच लागतात. त्या नसलेली कोअर टू ड्युओच्या काळातली मशीन सुरूच होत नाहीत, तुमची होतात. पण कंपनी स्पष्ट सांगते की अशा मशीनला अपडेट मिळण्याचा हक्क नाही. महिन्याचे पॅच आज येतात, उद्याची हमी नाही. दरवर्षीची नवी आवृत्ती तर आपोआप येत नाहीच, ती पुन्हा तीच खटपट करून हाताने टाकावी लागते. तुमचं जुनं डोंगल विंडोज ११ च्या ‘मेमरी इंटिग्रिटी’ या सुरक्षेच्या सोयीमध्ये अडकण्याचीही शक्यता आहे, कारण जुने ड्रायव्हर ती रोखते. आणि पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की भाचा जूनमध्ये नोकरीला बंगळुरूला जाणार. मग पुढच्या वर्षी ही खटपट कोण करणार? दुकान ज्याच्यावर अवलंबून आहे, ती माणसं किंवा वस्तू हाकेच्या अंतरावर असाव्यात.

घरच्या मशीनवर त्याने टाकलंय ते राहू द्या, फक्त त्यावर बँकेचं काम नको. रन उघडून ‘विनव्हर’ टाइप करायला सांगा. २५एच२ दिसलं तर त्या आवृत्तीची मुदत १२ ऑक्टोबर २०२७ पर्यंत आहे, २४एच२ असेल तर १३ ऑक्टोबर २०२६. त्यानंतर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही सिस्टीम टाकून घ्या. ते फुकट आहे, अशा मशीनवर आरामात चालतं आणि आताच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहे. न बसवता नुसतं पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, तेव्हा मुलीला दिवाळीच्या उरलेल्या सुट्टीत बघू दे. श्रीलिपी आणि कोरल त्यावर चालत नाहीत, म्हणून दुकानासाठी मी ते सुचवलं नाही.

आता पैशांचं. दुकानदार म्हणाला, कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा (वस्तू जुनी होत जाते त्याची वजावट) मिळतो, टॅक्स वाचेल. नियम खरा आहे, पण तुमच्या कामाचा नाही. तुमची उलाढाल १४ लाख आणि रिटर्न आयकराच्या कलम ४४एडीमध्ये, अंदाजित उत्पन्नावर. त्यात घसारा आधीच धरलेला मानतात, वेगळा मिळत नाही. शिवाय साडेचार लाखांच्या उत्पन्नावर नव्या पद्धतीत तुम्हाला करच नाही, मग वाचणार काय? जीएसटी नोंदणीही नाही, त्यामुळे १,७४,००० मधले सुमारे साडेसव्वीस हजार जीएसटीचे आहेत आणि त्यांतला एक रुपयाही परत येत नाही.

एफडी आता मोडली तर बँक १ टक्का दंड धरून साधारण पाच हजारांच्या घरात व्याज कापेल. ते मी सोसा म्हटलं असतं. पण जूनमध्ये फी भरायला तीच रक्कम कर्जाने घ्यावी लागेल, आणि ते कर्ज मुलीच्या नावावर बसेल. ‘नो कॉस्ट’ ईएमआयमध्येही प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी असतोच, आणि रोख घेताना मिळणारी सूट जाते.

माझ्या हिशेबाने डबा ३५,०००, एसएसडी २,५००, बाहेरची डिस्क ५,०००, एकूण ४२,५००. बचत खात्यातून भरा, ४७,५०० उरतात. हंगामाच्या चार महिन्यांत दरमहा ८,००० परत टाकलेत की फाल्गुनापर्यंत खातं ८०,००० च्या जवळ येईल. मार्चपासून महिना २,००० ची आरडी सुरू करा, खिडकीजवळच्या मशीनच्या नावाने. दोन वर्षांनी व्याजासह पन्नास हजार होतील आणि ते मशीन तुम्ही बंद हंगामात, निवांत बदलाल. त्याआधीच ते ऐन लग्नसराईत गेलं, तर एफडी मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे तिच्या तारणावर उचल, घ्या. एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त व्याज लागतं, आणि पत्रिकांचे पैसे आले की फेडून टाका.

दुकानदाराकडून फक्त सीपीयूचं नवं कोटेशन घेतलंत की मला पाठवा, मॉडेल नंबरासह. तोवर नेट बँकिंग मोबाइलवर करा, गल्ल्याच्या मशीनवर नको.