वाचकांचे प्रश्न : मेकॅनिकल कीबोर्ड घ्यावा का?

प्रश्न : राजारामपुरीत डीटीपीचं दुकान आहे. दिवसभर मराठी टायपिंग. साध्या कीबोर्डच्या कळा लवकर जड होतात. मेकॅनिकल घ्यावा का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : जरूर घ्या. साध्या कीबोर्डात कळीखाली रबराची टोपी असते. ती तळापर्यंत दाबावी लागते, झिजली की कळ अडखळते. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक कळीला स्वतंत्र स्विच आणि स्प्रिंग. नेहमीच्या स्विचची कळ ४ मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर साधारण २ मिलिमीटरवरच उमटतं. स्विचचे प्रकार रंगावरून ओळखतात. निळा स्विच टकटक करतो, समोर गिऱ्हाईक असताना नकोच! तपकिरी बरा. खोक्यावर 'हॉट-स्वॅप' लिहिलेलं बघा. बिघडलेला एकच स्विच चिमट्याने उपसून बदलता येतो, सोल्डरिंग लागत नाही. कळांवर देवनागरी नसली तरी इन्स्क्रिप्ट (देवनागरी टायपिंगची कळरचना) विंडोजमध्येच असतं, स्टिकर लावा.