मैं समझता हूँ, सदन सहमत है

गेल्या अंकात बोलता बोलता लिहून गेले की मी भोपाळच्या विधानसभेत प्रतिवेदक होते, आणि या महिन्याच्या टपालात पाककृतींचे प्रश्न मागे पडून विधानसभेचे पुढे आले. प्रतिवेदक म्हणजे अध्यक्षांच्या आसनाखाली बसून शॉर्टहँडमध्ये कामकाज टिपणारी माणसं. थोड्या थोड्या मिनिटांची पाळी, मग उठायचं, टंकायला पळायचं, परत यायचं. मी लागले तेव्हा विधानसभा जुन्या मिंटो हॉलमध्ये भरायची. १९९६ साली चार्ल्स कोरियांनी रचलेल्या नव्या इमारतीत गेलो. निवृत्त झाले आणि इंदूरला रामबागेत परत आले. तेव्हा विचारा, पण मी वकील नाही एवढं धरून चाला.

ताई, सप्रेम नमस्कार. मी बँकेतून निवृत्त, राहणार सुदामानगर. पुण्याहून आमच्या साडूंचा मुलगा आला होता. पोहे खाता खाता तो म्हणाला की २०२१ मध्ये महाराष्ट्र विधानसभेने अध्यक्ष निवडण्याचा नियम बदलला, गुप्त मतदान काढून आवाजी मतदान आणलं. मी म्हटलं, असं कसं? कायदा बदलायला विधेयक लागतं, राज्यपालांची सही लागते. तो म्हणतो, काही लागत नाही. कोण बरोबर?

तो बरोबर. वाईट वाटून घेऊ नका, कारण निम्म्या आमदारांचाही तुमच्यासारखाच समज असतो.

सभागृहाचे कामकाजाचे नियम म्हणजे कायदा नव्हे. घटनेच्या २०८व्या अनुच्छेदाने प्रत्येक राज्याच्या सभागृहाला स्वतःचे नियम स्वतः करण्याचा अधिकार दिला आहे. अट एकच, ते घटनेला धरून हवेत. राज्यपालांची सही नाही, दिल्लीची परवानगी नाही. (ही घटना लिहिणाऱ्या सभेत तेव्हाच्या मध्य भारत राज्याकडून आपले इंदूरचे वि. सी. सरवटे होते. सरवटे बसस्टँडवर उज्जैनची गाडी शोधताना हे कुणाच्या ध्यानात येत नाही.)

बदल करायची रीत साधारण सगळीकडे सारखी. अध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली नियम समिती असते. ती शिफारस करते, अहवाल पटलावर ठेवला जातो, मग सदस्यांना हरकत किंवा दुरुस्ती सुचवायला मुदत मिळते. लोकसभेत ही मुदत सात दिवसांची. त्यात कुणी काही बोललं नाही तर सभागृहाने मान्य केलं असं धरतात. दुरुस्ती आली तर ती परत समितीपुढे जाते. समितीचं जे छापील पत्रक निघायचं त्यात डावीकडे जुना नियम, उजवीकडे नवा. मला ते पत्रक फार आवडायचं. एक शब्द कुठून उचलला, कुठे ठेवला, सगळं उघड.

आता महाराष्ट्राचं. नाना पटोले यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये अध्यक्षपद सोडलं आणि खुर्ची रिकामी राहिली. त्या वेळचं आघाडी सरकार गुप्त मतदानाला बिचकत होतं, आपलीच माणसं फुटली तर? म्हणून डिसेंबरच्या अधिवेशनात नियम बदलून उघड मतदान आणलं. तुमच्या पाहुण्याला हा बदलच गैर वाटत असेल तर मला तसं वाटत नाही. लोकसभेचा अध्यक्ष उघड प्रस्तावानेच निवडला जातो, २०२४ मध्ये ओम बिर्लाही आवाजी मतदानाने निवडून आले. आमदाराने कुणाला मत दिलं हे मतदाराला कळलं तर बिघडलं काय?

खटकलं ते दुसरं. हरकतींसाठी दहा दिवसांची मुदत असते, ती एका दिवसावर आणली, हा विरोधकांचा आक्षेप होता. भाजपचे गिरीश महाजन मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने आधी दहा लाख रुपये भरायला लावले आणि मार्च २०२२ मध्ये याचिका फेटाळली. राज्यपालांनी निवडणुकीची तारीख मात्र दिली नाही, त्यामुळे नवा नियम तसाच कोरा पडून राहिला. जून संपता संपता सरकार बदललं. ३ जुलै २०२२ ला राहुल नार्वेकर अध्यक्ष झाले, १६४ विरुद्ध १०७. सदस्य एकेक करून उभे राहिले, शिरगणती झाली. उघड मतदान आघाडीने आणलं आणि ते पहिल्यांदा कामी आलं भाजपच्या उमेदवाराला, ज्या पक्षाने त्याविरुद्ध कोर्ट गाठलं होतं!

हे असं होतंच. लोकसभेत गोंधळ घालणाऱ्यांचं आपोआप निलंबन करणारा ३७४ अ हा नियम २००१ साली आला. ऑगस्ट २०१५ मध्ये काँग्रेसचे २५ खासदार त्याखाली पाच दिवस बाहेर गेले, तेव्हा आसनावर आपल्या सुमित्राताई महाजन होत्या. नियम करणारे निघून जातात, नियम राहतो, आणि पुढे कुणाच्या हाती लागेल हे करताना कुणी विचारत नाही.

पण मग कोर्टात जाता येतं की नाही? (हेच काका, पत्राच्या मागच्या बाजूला)

जाता येतं, पण दार अरुंद आहे. अनुच्छेद २१२ म्हणतो की कामकाजाच्या रीतीत चूक झाली एवढ्या कारणावरून कोर्टाने विधिमंडळाच्या कामाची चौकशी करायची नाही. राजाराम पाल खटल्यात, २००७ साली, सर्वोच्च न्यायालयाने रेघ ओढली: रीत चुकली असेल तर आम्ही पाहणार नाही, घटनाच मोडली असेल तर पाहू. महाराष्ट्राचंच उदाहरण घ्या. ५ जुलै २०२१ ला बारा आमदार एका वर्षासाठी निलंबित केले. सभागृहाच्या स्वतःच्या नियमात फार तर चालू अधिवेशनापुरतं बाहेर काढता येतं. २८ जानेवारी २०२२ ला न्यायालयाने तो ठराव रद्द केला. आमदार साठ दिवस परवानगीवाचून गैरहजर राहिला तर त्याची जागा रिकामी ठरवता येते, रिकामी जागा सहा महिन्यांत भरायची असते, आणि इथे मतदारसंघाला वर्षभर आमदारच नाही!

आपल्याकडे मार्च २०२० मध्ये कोर्टाने तर मत कसं घ्यायचं तेही सांगितलं. २० मार्चला बहुमत सिद्ध करा, हात वर करून. हात वर करायची वेळ आलीच नाही, कमलनाथांनी त्याच दिवशी राजीनामा दिला.

आजी, मी बारावीत आहे. राज्यशास्त्राच्या प्रोजेक्टसाठी विचारतेय. तुमच्या काळात नियम कितीदा बदलले?

बाळा, प्रश्न चुकला तुझा, पण चुकून चांगल्या जागी पोचला. नियम बदलले ते मोजता येतील. नियम *शिथिल* केले ते मला मोजता येणार नाहीत, आणि खरा खेळ तिथे आहे.

मध्यप्रदेशच्या नियमावलीत एका बैठकीत दोनपेक्षा जास्त ध्यानाकर्षण सूचना घ्यायच्या नाहीत असं आहे. आमदाराने एखाद्या तातडीच्या प्रश्नाकडे सरकारचं लक्ष वेधायची ही सूचना, मुंबईत तिला लक्षवेधी म्हणतात. येतात मात्र ढिगाने, कुणाच्या गावचा पूल, कुणाच्या तालुक्यातलं खत. मग अध्यक्ष वाचून दाखवायचे की नियम शिथिल करून आज अमुक इतक्या सूचना घेतो आहोत, "मैं समझता हूँ, सदन सहमत है." आणि आम्ही कंसात लिहायचं: सदन द्वारा सहमति प्रदान की गई. दुपारच्या जेवणाची सुट्टी रद्द करायची तरी तेच वाक्य. भोजनाची सोय लॉबीत केली आहे, सदन सहमत है. हे वाक्य इतकं व्हायचं की मी त्याला माझी एक वेगळी खूण करून ठेवली होती, एक आकडी आणि तिच्यावर टिंब. वहीचं पान उलटताना नुसती ती खूण दिसली तरी मला कळायचं, इथे नियम वाकलाय.

सहमती म्हणजे काय ऐकू यायचं? खरं सांगू? कधी चार-दोन "हाँ जी". कधी काहीच नाही, सगळे कागद चाळत असायचे. नवी होते तेव्हा वरिष्ठांना विचारलं होतं, कुणी बोललंच नाही तर काय लिहू? ते म्हणाले, कुणी नाही म्हटलं नाही ना? लिही मग.

वाईटच होतं का हे? नाही. जास्त सूचना येणं म्हणजे जास्त गावांचं बोललं जाणं. मागच्या बाकावरच्या आमदाराला ती एकच संधी. पण सकाळी मांडलेलं विधेयक संध्याकाळी संमत करायचं असलं तरी त्याच दारातून जातात. मला राग यायचा तो तेव्हा. विधेयक चांगलं की वाईट ते ठरवायचं माझं काम नव्हतं. कुणी वाचलं नव्हतं, एवढं मला दिसत होतं, कारण गठ्ठ्याची सुतळी सुटलेली नसायची. प्रोजेक्टमध्ये लिहायचं तर हे लिही: नियम बदलायचा तर अहवाल लागतो, मुदत लागते, राजपत्र लागतं. शिथिल करायचा तर एक वाक्य पुरतं.

आणि हो, तुझ्या चिठ्ठीत "दोन्ही सभागृहं" असं आहे ते खोड. मध्यप्रदेशात विधान परिषद नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीत आपल्याला ती मंजूर झाली होती, पण लागू करायची तारीख आजतागायत निघालेली नाही.

टीव्हीवर सभागृह रिकामं दिसतं. कोरमचा नियम कडक का करत नाहीत? – एक वाचक, देवास

कारण तो नियमच नाही. कोरम किंवा गणपूर्ती, म्हणजे बैठक चालायला हजर हवी ती किमान संख्या, घटनेत आहे, अनुच्छेद १८९: दहा सदस्य किंवा एकूण सदस्यांचा दहावा हिस्सा, जो मोठा असेल तो. आपले २३० म्हणून २३. ही संख्या बदलायची तर मात्र कायदा लागतो, राज्यपालांच्या सहीसकट. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीत गणपूर्तीही सभागृहाच्या नियमांवर सोपवायचं ठरलं होतं. ते अंमलात येण्याआधीच चव्वेचाळिसाव्याने काढून टाकलं. बरं झालं. नाहीतर तीही "सदन सहमत है" मध्ये गेली असती. रिकाम्या बाकांचं कारण साधं: संख्या कमी आहे हे कुणीतरी उठून दाखवावं लागतं, आणि उद्या आपलंही काम अडेल म्हणून कुणी दाखवत नाही.

आमच्या मराठी मंडळात सचिवाची मुदत दोन वर्षांवरून चार करायची आहे. गणेशोत्सवाच्या बैठकीत हात वर करून नियम शिथिल केला तर चालेल का?

नाही चालणार, सचिवसाहेब. (तुम्हीच सचिव ना? अक्षरावरून वाटलं.) अनुच्छेद २०८ विधानसभेला आहे, तुम्हाला नाही. तुमचं मंडळ नोंदलेलं असेल तर ते मध्यप्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ खाली, आणि नियमावलीतला बदल रजिस्ट्रारकडे मंजुरीला जातो. तुमच्या नियमावलीत सर्वसाधारण सभेच्या नोटिशीचे किती दिवस दिलेत ते पाहा आणि तेवढे दिवस आधी प्रत्येक सभासदाला पत्र पाठवा. आरतीनंतर प्रसाद वाटता वाटता विषय काढू नका. पत्रात डावीकडे जुना नियम छापा, उजवीकडे नवा.