घरी रेकॉर्ड केलेला अभंग: फोनवर शब्द पेटीत का बुडतात, फायनल स्टिरिओ फाइल कशी काढायची?

रेपरमध्ये (रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर) आवाज, पेटी, तबल्याचे दोन माइक, टाळ आणि तानपुरा ॲप असे सहा ट्रॅक. हेडफोनवर ठीक, पण फोनवर शब्द कळत नाहीत आणि ध्रुवपदाला फाइल फाटते, असं तुम्ही लिहिलंय. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

फाटण्याचं आधी बघा. आवाजाची वेव्ह मोठी करून पाहा. माथे सपाट कापलेले असतील तर रेकॉर्डिंगच फाटलंय. तेवढी ओळ पुन्हा गाऊन घ्या. माथे गोल असतील तर सगळ्यांची बेरीज मास्टरवर (सगळे ट्रॅक एकत्र होतात तो शेवटचा ट्रॅक) 0 डीबीच्या वर जातेय. सगळे फेडर (ट्रॅकच्या आवाजाच्या सरकपट्ट्या) एकत्र निवडून खाली ओढा, मास्टरचं शिखर -6 च्या आसपास राहू दे.

आता मास्टरचं मोनो बटण दाबा, म्हणजे डावं-उजवं एकत्र होऊन ऐकू येईल. डग्ग्याचा घुमारा पातळ झाला तर तबल्याचे दोन माइक एकमेकांना कापताहेत. एका ट्रॅकचा फेज (लहरीची वर-खाली दिशा) उलटा करून पाहा आणि घुमारा भरीव लागतो ती बाजू ठेवा. डग्ग्याच्या ट्रॅकला 100 हर्ट्‌झचा लो-कट (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) लावू नका (हे फार जण करतात), 40 पुरे. गळ्याला मात्र 80 ते 100 चा चालतो.

शब्द बुडतात ते मुख्यतः पेटीमुळे. पेटी गळ्याच्याच पट्टीत, तेच सूर, न थांबता वाजते. आवाज वाढवत नेण्यापेक्षा पेटीला रिआइक्यूमध्ये (रेपरचा इक्वलायझर) 2 किलोहर्ट्‌झच्या आसपास रुंद, 3 डीबीचा खड्डा द्या आणि ती थोडी डावीकडे सरकवा. पण फोनवर डावं-उजवं जवळजवळ उरतच नाही, म्हणून खरं काम खड्डा करतो. गळा आणि डग्गा मधेच. टाळ उजवीकडे, आणि वाटतं त्याहून हळू. तानपुरा इतकाच, की म्यूट केल्यावर उणीव जाणवावी.

गळ्याला रिआकॉम्प (मोठा आवाज दाबणारा रेपरचा कॉम्प्रेसर) 3:1, अटॅक (दाब बसायला लागणारा वेळ) 15 मिलिसेकंद, शिखरांवर 3 ते 5 डीबी दाब. त्याने भागत नाही. ओळीच्या शेवटी गिळलेली अक्षरं व्हॉल्यूम एन्व्हलपने (ट्रॅकवर काढलेली आवाज कमी-जास्त करणारी रेघ) हाताने 1-2 डीबी उचला. कंटाळवाणं आहे, पण सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. रिव्हर्ब (खोलीसारखी गुंज) वेगळ्या ट्रॅकवर सेंडने, म्हणजे आवाजाची प्रत तिकडे पाठवून, घ्या आणि त्याचा 250 हर्ट्‌झखालचा भाग कापा, नाहीतर डग्गा गढूळ होतो.

पेटी आणि तानपुरा ॲप सुरात जुळत नसतील तर मिक्समध्ये इलाज नाही. पेटीचा सा धरून ॲपचे सेंट (सुराचं बारीक माप) जुळवा, तानपुरा पुन्हा घ्या.

शेवटी मास्टरवर रिआलिमिट (शिखरं अडवणारा रेपरचा लिमिटर), सीलिंग म्हणजे कमाल पातळी -1 डीबी, दाब जास्तीत जास्त 2-3 डीबी. यूट्यूब साधारण -14 एलयूएफएसपेक्षा (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) मोठं गाणं स्वतःच खाली आणतं, त्यामुळे ठोकून मोठं करण्यात फायदा नाही. रेंडर करताना स्टिरिओ, 24 बिट वेव्ह, प्रोजेक्टचाच सॅम्पल रेट आणि टेल (शेवटी जादा ठेवलेला वेळ) 3000 मिलिसेकंद. टेल विसरलात तर शेवटच्या टाळाची आस मधेच तुटते. एमपी3 हवी असेल तर ती या वेव्हवरून काढा.